सप्ताहाची पंगत : आचारी लावावा की घरोघरची भाकरी पुन्हा सुरू करावी?

गोदाकाठ

रामकृष्णहरी मंडळी.

आमचे गाव वैजापूर तालुक्यात, गोदावरीपासून फार लांब नाही. दोनशेच्या आसपास उंबरे असतील. दरवर्षी हनुमान जयंतीच्या आठ दिवस आधी मारुतीच्या देवळात वीणा उभी राहते आणि जयंतीला काल्याच्या कीर्तनाने सप्ताहाची सांगता होते. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, चारला प्रवचन, दिवेलागणीला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, हा दिनक्रम माझ्या आजोबांच्या वेळेपासून बदललेला नाही. बदलली आहे ती पंगत.

पूर्वी पंगतीची आमटी देवळामागे शिजायची आणि भाकरी घरोघरहून यायची. गल्ल्या आणि मळ्यांतल्या वस्त्या वाटून दिलेल्या असत. सोमवारी वरची आळी, मंगळवारी नदीकडचे मळे, असे करत काल्याच्या दिवशी सगळे गाव. आम्ही मुले डोक्यावर दुरडी घेऊन जायचो, वर जुन्या धोतराचे धुतलेले फडके झाकलेले असायचे आणि खालची भाकरी गरम असेल तर टाळूला चटका बसायचा. देवळाच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसून भाकऱ्या मोजून घ्यायचे. त्यांच्याजवळ वही नव्हती, पण कोणत्या घरची दुरडी आली नाही हे त्यांना पंगत बसायच्या आत माहीत असायचे. मग कोणीतरी त्या घरी जाऊन यायचे. कधी सुतक निघायचे, कधी सूनबाई तापाने पडलेली असायची, कधी भावाभावांचे भांडण होऊन चूल वेगळी झालेली असायची, आणि एकदोनदा तर घरात पीठच नव्हते असेही निघाले. त्या दिवशी त्या घरी देवळातून शिधा गेला आणि त्याची वाच्यता कुठे झाली नाही.

हे सारे २०२० मध्ये थांबले. त्या वर्षी हनुमान जयंती ८ एप्रिलला होती आणि टाळेबंदी लागून दोन आठवडे झाले होते. पाच माणसांनी आळीपाळीने वीणा सांभाळली, पंगत झालीच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. २०२२ साली सप्ताह पहिल्यासारखा भरला तेव्हा कोणीतरी सुचवले की एकमेकांच्या घरचे अन्न गोळा करण्यापेक्षा यंदापुरता आचारी लावावा. यंदापुरता म्हणून लावलेला तो आचारी आजतागायत आहे. अन्न चांगले असते, वेळेवर असते, पोळी-भाजी-वरण-भात आणि एक गोड. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु मागच्या सप्ताहात एका घरचे आजोबा तीन दिवस अंथरुणाला खिळून होते आणि ते गावाला चौथ्या दिवशी कळले, तेही दवाखान्याची गाडी आली म्हणून. तेव्हापासून मला वाटते आहे की भाकरी पुन्हा सुरू करावी.

गुढीपाडव्याला पारावर सप्ताहाची बैठक असते. तिथे हा विषय मांडण्याआधी आपली मते हवी आहेत.

जुना_टाळकरी

रामकृष्णहरी माउली. धागा वाचून आनंद झाला.

"गाव मोठे झाले, आता भाकरी जमत नाही" असे बैठकीत कोणी म्हणाले तर त्याला सराला बेटाच्या सप्ताहाची आठवण करून द्यावी. बेट तुमच्याच तालुक्यात आहे, म्हणून अधिक सांगत नाही. गंगागिरी महाराजांच्या परंपरेचा तो श्रावणातला सप्ताह २०२४ साली १७७ वा झाला, आणि तिथे लाखोंच्या पंगतींना आजही आमटी जागेवर शिजते व भाकरी पंचक्रोशीतल्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून येते. दोनशे उंबऱ्यांच्या गावाने संख्येचे कारण सांगू नये.

मात्र माझी खरी काळजी पंगतीची नसून पहाऱ्याची आहे. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, हा सप्ताहाचा कणा आहे. आमच्याकडे पहारा दोन तासांचा असतो, म्हणजे दिवसाचे बारा आणि सात दिवसांचे चौऱ्याऐंशी पहारे होतात. एका पहाऱ्याला एक विणेकरी आणि निदान चार टाळकरी धरले तर माणसे किती लागतात पाहा. दिवसाचे पहारे भरतात. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला तेच ते सात-आठ म्हातारे उभे असतात, कारण तरुण मुले वाळूजला आणि चाकणला कामाला आहेत आणि ती शनिवारी रात्री येऊन रविवारी परततात. त्यांचा दोष नाही. पाळी चुकली तर कंपनी पगार कापते. पूर्वी पहारेकऱ्यांची यादी देवळाच्या भिंतीवर खडूने लिहिलेली असे आणि आपले नाव रात्री दोनला पडले म्हणून रुसणारेही असत. आता यादी व्हॉट्सॲपवर येते आणि तिच्याखाली नमस्काराची चित्रे पडतात, माणसे येत नाहीत.

एक गोष्ट विषयाबाहेरची वाटेल, तरी लिहितो. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली काढली आणि तिथे शिकलेल्या कीर्तनकारांनी गावोगावचे सप्ताह उभे केले. ती मंडळी कोणाच्याही ओसरीवर उतरायची आणि त्या घरची भाकरी खायची. आज कीर्तनकाराची तारीख मिळवण्यासाठी वर्षभर आधी विसार द्यावा लागतो, आणि वर्गणीचा मोठा वाटा त्या सात कीर्तनांवर जातो. आचाऱ्याचा खर्च वाचवायचा विचार असेल तर तोही हिशेब बैठकीत निघू द्या.

माहेरवाशीण

गोदाकाठ भाऊ, तुमचे लिहिणे मनापासून आहे, म्हणून मीही मनापासून लिहिते. राग मानू नका.

दुरडी डोक्यावर घेऊन जाणाऱ्या मुलाला टाळूचा चटका आठवतो. ती दुरडी भरणाऱ्या बाईला काय आठवते, ते आपल्या पूर्ण लेखात कुठेच आलेले नाही.

मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा आमच्या घराला चाळीस भाकऱ्या होत्या, कारण जमीन जास्त म्हणून भाकरी जास्त. पहाटे तीनला उठून पऱ्हाट्या पेटवायच्या, काटवटीत पीठ मळायचे आणि एकामागून एक थापत राहायचे. एका भाकरीला थापणे, तव्यावर टाकणे, पाणी फिरवणे, उलटणे आणि निखाऱ्यावर शेकणे मिळून तीन-चार मिनिटे जातात. चाळीस भाकऱ्यांना दोन तासांहून जास्त लागतात, तेही दोघी जावा असतील तर. चैत्राचा उन्हाळा आणि पुढ्यात चूल. देवळाच्या भोंग्यावर काकड्याचे अभंग ऐकू यायचे आणि सासूबाई म्हणायच्या, इथूनच ऐक, पुण्य तेवढेच आहे.

आचारी आला त्या वर्षी मी पहिल्यांदा पारायणाला बसले. अठरा अध्याय पुरे केले. आमच्या गावात आता पारायणाला बसणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बाया आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींची पहिली ज्ञानेश्वरी आचारी आल्यानंतरचीच आहे. शेजारच्या एका म्हाताऱ्या आत्या आहेत. साठ वर्षे त्यांनी सप्ताहाला भाकरी दिली आणि बाराव्या अध्यायाच्या ओव्या त्यांनी माझ्याबरोबर पहिल्यांदा स्वतः वाचल्या. त्या अडखळत वाचत होत्या आणि मध्येच थांबून "हे असं आहे होय" म्हणत होत्या.

भाकरी परत आणायची असेल तर आणा. फक्त ती कोण थापणार हे आधी ठरवा, आणि ते ठरवताना बैठकीला बायांनाही बोलवा. पारावरच्या बैठकीला आमच्याकडे आजपर्यंत एकही बाई गेलेली नाही. तुमच्याकडे जाते का?

गोदाकाठ

नाही. जात नाही. हे मी लिहायला हवे होते.

ताई, माझ्या आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली की भाकऱ्यांचे तिला काही वाटत नसे, पण सात दिवसांत एकही कीर्तन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला मिळाले नाही याचे वाटते. मी पन्नाशीला आलो आणि हे मला आज कळले.

हिशेबनीस

भावनेचा भाग बाजूला ठेवून पिठाचा हिशेब मांडतो, कारण बैठकीत तोच विचारला जाईल.

एक किलो ज्वारीच्या पिठात मध्यम आकाराच्या आठ-नऊ भाकऱ्या होतात. दोनशे घरांनी काल्याच्या दिवशी प्रत्येकी दहा दिल्या तर दोन हजार होतील, म्हणजे साधारण सव्वादोनशे ते अडीचशे किलो पीठ. घरामागे सव्वा किलोच्या आत येते. पीठ कोणाला जड नाही. जड आहेत ते श्रम, आणि ताईंनी ते नेमके दाखवले आहे. प्रत्येक घराला पाचच भाकऱ्या ठरवल्या तर एक हजार होतात, आणि आमटी, भात व लापशी सोबत असेल तर माणशी एक भाकरी पुरते.

दुसरा मुद्दा वर्गणीचा. आमच्या गावात ती काही वर्षे एकरी होती, नंतर उंबऱ्यामागे सरसकट केली. उंबऱ्यामागे केल्यावर वसुली सोपी झाली, परंतु पंचवीस एकर बागायत असणारा आणि दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाणारा यांचा आकडा एकच झाला. भूमिहीन घरे बोलत नाहीत, पण उशिरा देतात, आणि मग त्यांची नावे फलकावर सर्वांत खाली येतात. आचाऱ्याची रक्कम एकदम द्यावी लागते, त्यामुळे वर्गणी वाढली आणि हा काच अधिक बसू लागला. भाकरीच्या काळात ज्याच्याकडे पैसे नसत तो भाकरी देऊन, सरपण फोडून किंवा पाणी शेंदून मोकळा होत असे.

कृष्णाकाठ

आमच्या वाळव्याकडे सप्ताहापेक्षा गावजत्रा मोठी, त्यामुळे जाणकार म्हणून बोलत नाही. एवढेच सांगतो की आमच्या शेजारच्या गावात भाकऱ्या करणारे यंत्र आणले होते. भाकऱ्या एकसारख्या गोल आल्या आणि दुपारपर्यंत वातड झाल्या. यंत्राचा मार्ग सुचवणारा कोणीतरी निघेलच, म्हणून आधीच लिहून ठेवले.

वेशीबाहेरचा

मी गोदाकाठ यांच्याच गावचा. धागा दोन दिवस वाचत होतो. लिहावे की नाही असे वाटत होते.

"घरोघरची भाकरी" म्हणताना कोणती घरे धरली जात होती, हे विचारायला हवे. माझ्या आजोबांच्या काळात आमच्या वस्तीचे सप्ताहातले काम सरपण आणून टाकणे आणि हलगी वाजवणे एवढेच होते. पंगत आमचीही होत असे, पण सगळ्यांची उठल्यावर आणि मंडपाच्या बाहेर. आमच्या घरची भाकरी त्या ढिगात पडत नव्हती. साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले आणि ते दार उघडले, तरी गावच्या मारुतीपुढच्या भाकरीच्या ढिगाला ते वारे लागायला आणखी पंचवीस वर्षे गेली.

वडील सांगत की आमच्या वस्तीची भाकरी पहिल्यांदा घेतली गेली ती १९७२ च्या दुष्काळानंतर. त्या दुष्काळात सगळे गाव एका पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते, सगळ्यांच्या हातावर सुकडी पडत होती आणि सगळ्यांच्या घरी मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची, तीच लाल भाकरी होती. पुढच्या चैत्रात सप्ताह झाला तेव्हा भाकऱ्या कमी पडल्या, म्हणून आमच्याकडे दुरडी आली. कोणाच्या मनाला पाझर फुटला, असे वडिलांनी कधी सांगितले नाही. भाकऱ्या कमी पडल्या, हेच सांगितले. परंतु एकदा घेतल्यावर पुढच्या वर्षी ती नको म्हणण्याची सोय राहिली नाही.

आमच्यातली बरीच घरे बौद्ध आहेत. सप्ताहात आम्ही पारायणाला बसत नाही, तरी भाकरी जात होती. गावाची पंगत म्हणून जात होती. २०२२ साली सप्ताह ९ ते १६ एप्रिल होता, त्यामुळे १४ एप्रिलची आंबेडकर जयंती त्याच्या सहाव्या दिवशी आली. मिरवणूक देवळावरून जायची आणि त्याच वेळी हरिपाठ. तणाव होईल म्हणून पोलीस पाटलांनी दोन्हीकडच्या माणसांना बसवले आणि हरिपाठ अर्धा तास अलीकडे घेतला. त्या रात्री जयंतीचे जेवण आणि सप्ताहाचे जेवण एकाच आचाऱ्याने, एकाच मंडपात केले. पैसे दोन्हीकडून गेले. आमच्या पोरांना ते आवडले. आचारी भाड्याचा असतो, त्याला कोणाची भाकरी आधी आणि कोणाची नंतर हे माहीत नसते.

म्हणून माझे मत सरळ नाही. आचारी आल्याने काही गोष्टी आमच्यासाठी सोप्या झाल्या आहेत. भाकरी परत आली तर त्या ढिगात आमची असेल ना, हा प्रश्न मला पुन्हा विचारावा लागू नये.

पूर्णाकाठची

आमच्या अमरावतीकडे गाडगेबाबांची आठवण निघाल्याशिवाय कीर्तनाचा विषय पुरा होत नाही. बाबा गावात आले की आधी झाडू हातात घेऊन रस्ता झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आता पंगतीनंतर थर्माकोलच्या पत्रावळींचा ढीग नदीकाठी पडतो आणि पोळ्यापर्यंत तिथेच असतो. भाकरी परत आणताना पळसाच्या पत्रावळींचाही विचार व्हावा, एवढीच विनंती. भाकरीला तशी पत्रावळ लागतही नाही, हातावर घेऊन खाता येते.

हिशेबनीस

एक राहून गेले. घरोघरचे अन्न असुरक्षित आणि आचाऱ्याचे सुरक्षित, हा समज २०२२ साली आपण सर्वांनी करून घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यात सप्ताहातल्या एकादशीच्या फराळातून शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि रुग्णालयाच्या बाहेर दोऱ्या बांधून सलाइन लावावे लागले. एका कढईत सगळ्या गावाचे अन्न शिजले की चूक झाल्यास ती सगळ्या गावाला भोवते. त्यातही उघडी राहिलेली भगर आणि उन्हाळ्यात तासन्‌तास ठेवलेली शाबुदाण्याची खिचडी यांच्यापासून जपावे. ज्वारीची भाकरी या बाबतीत गरीब आहे, सकाळची संध्याकाळी चालते.

जुना_टाळकरी

वेशीबाहेरचा यांच्या लिहिण्यावर काय बोलावे कळत नाही. आमच्या गावात तो ढीग कधी एक झाला हे मला सांगता येत नाही, आणि मी तिथे साठ वर्षे टाळ वाजवतो आहे. म्हणजे मी ते कधी पाहिलेच नाही.

ताईंना एक सांगतो. या वर्षी आमच्याकडे दुपारच्या चार पहाऱ्यांना बाया टाळ घेऊन उभ्या होत्या. वीणा मात्र गळ्यात घालू दिली नाही, त्यावरून वाद झाला. मी त्या वेळी गप्प बसलो. आता चौऱ्याऐंशी पहाऱ्यांचे गणित मांडताना लक्षात येते की निम्मे गाव बाजूला ठेवून ती यादी भरणारच नाही.

भोंग्याचेही बोलून घ्यावे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला नियमानेच बंदी आहे, तरी काकडा चारला भोंग्यावर सुरू होतो. यंदा एका घरी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि दुसऱ्या घरी बाळंतीण होती, म्हणून आम्ही काकडा बिनभोंग्याचा केला. पहिल्या दिवशी नऊ माणसे आली, शेवटच्या दिवशी चाळीस. घरातून ऐकू येईनासे झाले की ऐकायला यावे लागते.

गोदाकाठ

कालच्या गुढीपाडव्याला बैठक झाली. वृत्तांत देतो.

या वेळी अकरा बाया आल्या. त्या पाराच्या खालच्या पायरीवर बसल्या. वर या म्हटले तरी आल्या नाहीत, पण बोलल्या. दीड तास भाकरीवरच गेला. काल्याआधीचे सगळे दिवस आचारी ठेवायचा, कारण पारायण सोडून चुलीपुढे बसायला एकही बाई तयार नव्हती आणि त्यांच्यापुढे ते बोलण्याची कोणाची छातीही नव्हती. काल्याच्या दिवशी मात्र घरामागे पाच भाकऱ्या, आमटी देवळामागे, गोड फक्त लापशी. वर्गणीतून आचाऱ्याचा एक दिवस कमी झाल्याने उंबऱ्यामागची रक्कम थोडी उतरली. एकरीचा विषय निघाला आणि ज्यांनी उठून जायचे ते उठून गेले, म्हणून तो पुढच्या वर्षावर टाकला. पत्रावळी पळसाच्या मिळाल्या तर पाहायच्या.

भाकऱ्या मोजून घ्यायला आता ते म्हातारे गृहस्थ नाहीत. ते काम माझ्याकडे आले आहे. मी वही ठेवणार आहे, कारण मला त्यांच्यासारखे लक्षात राहणार नाही. कोणाची दुरडी आली नाही तर त्या घरी जायचे, मात्र भाकरी मागायला म्हणून जायचे नाही, एवढे ठरले.

वेशीबाहेरचा

आमच्या वस्तीकडे दुरडीचे सांगायला कोण येणार आहे?

गोदाकाठ

मी स्वतः येतो. दवंडीच्या आधी, आदल्या दिवशी संध्याकाळी.

माहेरवाशीण

काल्याचे कीर्तन दहाला असते. म्हणजे भाकरी नवाच्या आत देवळात हवी आणि चूल सहाला पेटायला हवी. त्याच वेळी शेवटच्या अध्यायाची समाप्ती असते, आणि ती सोडून बाया उठणार नाहीत. पाच भाकऱ्या थापायला एका पुरुषाला किती वेळ लागतो, ते वहीत लिहून ठेवा आणि इथे कळवा.

गोदाकाठ

ताई, काल रात्री घरी करून पाहिल्या. पाच भाकऱ्यांना पाऊण तास लागला. दोन तुटल्या.